अगस्तींचा कमंडलू आणि चारीचं गेट

माझ्या पहिल्या कादंबरीमुळे दोन गावं हातघाईवर आली. कादंबरी अजून छापून आलेली नाही.

नगरमध्ये माझं चष्म्याचं दुकान आहे. गिऱ्हाईक नसेल तेव्हा (म्हणजे बहुतेक वेळ) मी साहसकथा लिहितो. या कादंबरीची कल्पना जबरदस्त होती, असं निदान माझं मत आहे. आमच्याच जिल्ह्यातल्या अकोल्यात प्रवरेच्या काठी अगस्ती ऋषींचा आश्रम आहे. अख्खा समुद्र पिऊन टाकणारे ते हेच अगस्ती. त्यांचा कमंडलू सह्याद्रीतल्या एका गुहेत दडलाय, आणि ज्याच्या हाती तो लागेल त्याच्या मुठीत साऱ्या धरणांचं पाणी! खलनायक म्हणजे पाणीचोरांचा म्होरक्या. नायक रणधीर. शेवटच्या प्रकरणात रणधीर गोळ्या चुकवत कालव्याच्या गेटवर झेप घेतो आणि एका हाताने चाक फिरवून तहानलेल्या गावाला पाणी सोडतो.

प्रकाशकांनी सगळं वाचून एवढंच विचारलं, "कालव्याचं गेट तुम्ही कधी जवळून पाहिलंय का हो?"

नव्हतं पाहिलं! पण माझी सासुरवाडी सोनईकडची. कालव्याच्या चारीवर (म्हणजे शेतांकडे जाणाऱ्या पाटावर) आधी वरची वाडी लागते, आणि चारीच्या पार शेपटाला आमच्या सासऱ्यांची खालची वाडी. पाण्यावरून दोन्ही वाड्यांचं इतकं वाकडं, की धरणातून पाण्याचं आवर्तन (म्हणजे ठरलेली पाळी) सुटलं की ठरत आलेली सोयरीकसुद्धा थांबते. नेमकं आवर्तन चालू असताना मी बायकोला, सुनंदाला, घेऊन तिथे थडकलो.

"पाव्हणं, मधीच कसं काय येनं केलं?" सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, विचारलं.

"सहज, आबा. पाणी बघायला."

"बगा की. लई वाट बगितली औंदा. आज आपल्या गायांच्या घासाला पानी लागलं तर ठीक, न्हाईतर गाया विकायची पाळी हाय."

आबा हे अगदी शांतपणे बोलले. मी मात्र मनात 'वा! काय संवाद आहे!' म्हणून तो पाठ करून ठेवला आणि जेवण होताच एकटाच चारीच्या गेटकडे निघालो.

दुपार टळटळीत. चिटपाखरू नाही. चारीत पाणी खळाळत खालच्या वाडीकडे निघालेलं, आणि वर ते गेट. पाणी अडवणारं लोखंडी पाळं, त्यावर उभा दांडा, दांड्यावर गंजलेलं चाक. मी चाकावर हात ठेवला. रणधीरला काय वाटलं असेल? अनुभव घ्यायलाच हवा. इंचभर फिरवायचं आणि परत जागेवर आणायचं, बस्स!

चाक हलेना. एका हाताने तर नाहीच. (रणधीरचा दुसरा हात तिथेच कामाला लागला.) मग मी पाय रोवले, श्वास कोंडला आणि अंगातली होती नव्हती ती ताकद लावली. आत कुठेतरी 'कट्ट' झालं, चाक गर्रकन फिरलं आणि गेट धप्पकन खाली बसलं.

खळखळाट थांबला.

मी चाक उलटं फिरवलं. ते फिरलं. सुलटं फिरवलं, तसंही फिरलं. रसवंतीच्या चरकासारखं दोन्हीकडे मजेत फिरत होतं, आणि गेट ढिम्म! खालच्या बाजूची चारी बघता बघता आटली. वरच्या बाजूला पाणी तुंबलं, चढलं आणि काठावरून शेजारच्या शेतात उतरू लागलं. त्या शेतात कांदा काढून पसरलेला होता! मी हातांनी माती लोटली, ती वाहून गेली. चप्पल अडवी लावली, तीही गेली. पाणी पहिल्या कांद्याला टेकलं.

तेवढ्यात वरच्या वाडीकडून आरडाओरडा ऐकू आला. खालच्या वाडीकडूनही. मी बाभळीमागे लपलो. (रणधीर कधीच लपला नसता. पण रणधीरला सासुरवाडी नाही.)

वरच्या वाडीच्या घोळक्यापुढे कांद्याचे मालक भाऊसाहेब, हातात फावडं. खालच्या वाडीच्या पुढे आमचे आबा, हातात काठी.

"आबा, कांदा बुडवायला गेट पाडलं व्हय?" भाऊसाहेब गरजले.

"आमी? आमचंच पानी आमी बंद करू? तुमीच पाडलं!"

"आमी आमच्याच कांद्यात पानी घालू का?"

दोन्ही प्रश्न बिनतोड होते. उत्तर बाभळीमागे बसलं होतं! पण चिडलेल्या माणसाला एवढा विचार कुठला सुचायला? कोणीतरी कोणाला तरी ढकललं. भाऊसाहेबांचं फावडं वर गेलं. आबांनी काठी सावरली. सत्तरी ओलांडलेला माणूस, तोंड उन्हाने लालबुंद. एक फटका बसला तर काय होईल, हे मला स्वच्छ दिसलं. मी बाभळीमागून बाहेर आलो.

"थांबा! गेट मी पाडलं!"

फावडं हवेतच थांबलं.

"जावईबापू, तुमी?" आबांनी काठी खाली टेकवली. "कशापायी?"

"कादंबरीसाठी, आबा."

सगळ्या माना एकमेकींकडे वळल्या.

"ही कादंबरी कोन?" भाऊसाहेबांनी विचारलं. "कुन्या गावची?"

"आमच्याकडची न्हाई," खालच्या वाडीतून तातडीने खुलासा आला.

"बाईच्या नादानं गेट पाडलं!" पाठीमागे कोणीतरी पुटपुटलं, आणि नेमकी त्याच क्षणी सुनंदा धापा टाकत पोचली. तिने आधी गेट पाहिलं, मग कांदा, मग अनवाणी मला. चिखलात उभं राहून आपल्या नवऱ्याची अब्रू सावरणं सोपं नसतं.

"भाऊसाहेबकाका, कादंबरी म्हंजी पुस्तक. हे पुस्तक लिवत्यात," ती म्हणाली.

भाऊसाहेबांचा चेहरा आणखी उग्र झाला. "पुस्तक? बाईसाठी केलं असतं तर समजून तरी घेतलं असतं मी!"

आणि आबा हसले. आधी खोकल्यासारखं, मग खदखदून. मग भाऊसाहेबांनाही राहवेना. पण हसायला सवड नव्हती. कोणी ट्रॅक्टरचा जॅक आणला, कोणी पहार. वरच्या वाडीने पाळं उचललं, खालच्या वाडीने खाली दगड सारले आणि चारी पुन्हा वाहू लागली. मग सगळ्यांनी मिळून कांदा उंचावर हलवला. मी पाट्या वाहिल्या. कमरेने कायमची नोंद घेतली. थोडा कांदा भिजला, बराचसा वाचला. आबांच्या घासाला पाणी लागलं ते दिवस मावळताना.

त्यानंतर दोन्ही वाड्यांची एकत्र बैठक झाली. आबांनाही आठवत नाही अशी गोष्ट! एकच ठराव झाला, तोही एकमताने: आवर्तन चालू असताना आबांच्या जावयाला चारीजवळ फिरकू द्यायचं नाही. ठराव भाऊसाहेबांनी मांडला. अनुमोदन आबांनी दिलं. टाळ्या सर्वात आधी सुनंदाने वाजवल्या.

साहित्य माणसं जोडतं म्हणतात, ते काही खोटं नाही. मी तर पुस्तक छापायच्या आधीच दोन गावं जोडून दाखवली. माझ्याविरुद्ध!