साडूंची खुंटी

आमचे साडू उत्खननात मोजणीदार होते. माणूस तिरसट. जेवायला बोलावलं तर भाजीत मीठ कमी, नाही बोलावलं तर मान कमी. मी त्यांच्याशी कामापुरतं बोलतो.

खणताना जुनी वस्ती थराथराने उकरून संपते. उरतात फक्त मोजमापं. साडू टेकाडावर लोखंडी खुंटी ठोकत आणि प्रत्येक चूल, प्रत्येक भिंत त्या खुंटीपासून किती खोल, हे यंत्राने मोजून संगणकात भरत. ते टेकाड पुढे रस्त्यासाठी सपाट झालं. फायली तेवढ्या राहिल्या.

त्या जतन करण्याचं काम माझ्या मुलीकडे आलं. तिचा प्रबंधही त्याच वस्तीवर. दोन हंगामांच्या फायली तिने जोडल्या, तर दुसऱ्या हंगामातल्या चुली टेकाडाच्या माथ्यावर, चक्क हवेत! म्हणजे मधे खुंटी बदलली होती. किती वर-खाली, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते कळल्याशिवाय आधीचा थर कोणता, नंतरचा कोणता, काहीच सांगता येईना.

आम्ही दोघं साडूंकडे गेलो.

"काका, नवी खुंटी किती उंचीवर ठोकली होती?"

"उत्खनन चालवणाऱ्या त्या साहेबाला विचार. सगळ्यांदेखत मला फीत धरणारा म्हणाला होता. फीत धरणाऱ्याला काय कळतंय?"

"साहेब कधीच निवृत्त झाले. नुकसान माझं होतंय."

"होऊ दे. बापासारखी हिशेबी आहेस ना? काढ हिशेब."

मी म्हणालो, "साडूबुवा, आठवत नसेल तर तसं सांगा."

"तोंडपाठ आहे! सांगणार नाही."

"अहो, सांगून टाका ना," मेहुणी म्हणाली.

"तू मधे पडू नकोस."

मुलगी उठली. "मग फायलींसोबत लिहावं लागेल. उंचीची मोजमापं भरवशाची नाहीत, वापरू नयेत. मोजणी कोणाची, तेही लिहितात."

"धमकी देतेस?"

"नाही काका. पद्धतच आहे."

"लिही! खुशाल लिही!"

तिने लिहिलं. प्रबंधासाठी दुसरं टेकाड घेतलं, पहिल्यापासून. त्या फायलींच्या प्रती आता वेगवेगळ्या शहरांत जपून ठेवल्यात, कुणालाही उघडता येतात. उघडल्या की आधी तो शेरा, खाली साडूंचं नाव.

मधे त्यांचा निरोप आला, निदान नाव तरी काढा. मुलीने कळवलं, आकडा पाठवा. अजून आलेला नाही. मीही मागायला जाणार नाही.