पंधरा टनांचा माणूस

"सव्वा किलो," बटाट्यांची पिशवी हातात तोलत ड्रायव्हर म्हणाला.

बायकोने ती ओट्यावरच्या काट्यावर ठेवली. "एक किलो दोनशे साठ. दहा ग्रॅम चुकलात. वय झालं."

"ते दहा ग्रॅम पिशवीचे."

डेपोत सगळे त्याला 'काटा' म्हणत, ते काही उगाच नाही. नात्यात कुणी प्रवासाला निघालं, की बॅग आधी त्याच्या हातात देई. नोकरीही स्वभावाला साजेशी. वाळूने भरलेला ट्रक, मोजून पंधरा टन, पुलावर नेऊन उभा करायचा. लग्नाआधी सासऱ्यांनी विचारलं होतं, "पुलावर नेता, आणि मग?" "मग उभा राहतो." सासऱ्यांनी बिचाऱ्यांनी तोच प्रश्न पुन्हा एकदा विचारला होता.

तेवढ्यात दार वाजलं. पुलांची तपासणी करणाऱ्या ऑफिसातली इंजिनिअर मुलगी लॅपटॉप छातीशी धरून उभी होती.

"काका, ताळा जुळत नाहीये."

ही मुलगी संगणकात हुबेहूब पूल उभा करायची आणि त्यावरून हजारो गाड्या सोडायची. बस, टँकर, ऑफिसच्या वेळची कोंडी, सगळं. कशाखाली पूल किती वाकेल, ते सॉफ्टवेअर सांगे. पण त्याचं खरं मानण्याआधी खऱ्या पुलावर खरा ट्रक उभा करून बघावं लागे. तो ट्रक 'काटा'चा.

"तुमच्या ट्रकखाली पूल दहा मिलिमीटर वाकायला हवा होता. काल अकरा वाकला. साहेब म्हणतात, पूल थकलाय. दुपारी सही झाली की उद्यापासून बस बंद. पलीकडच्या लोकांना वीस किलोमीटरचा वळसा." तिने कपाळ चोळलं. "मीच कुठेतरी माती खाल्लीय. सापडत नाहीये, एवढंच."

ड्रायव्हरच्या हातातला चहा हातातच राहिला. बायको बटाटे सोलता सोलता थांबली.

"अहो, ताईंच्या फरशा काल कधी उतरवल्या?"

"संध्याकाळी."

"म्हणजे चाचणीनंतर?"

बहिणीच्या नव्या घराच्या फरशा. ट्रकचं वजन झाल्यावर वाटेत दुकानातून उचलल्या, पुलाआधी उतरवू म्हणाला, तर ताईच्या दाराला कुलूप. मग वाळूवरच ताडपत्री ओढली आणि मनाला सांगितलं, एवढ्याने काय होतंय. नणंदेची कामं म्हणजे अशीच, हे बायकोच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलं होतं.

"किती खोकी, काका?" मुलीने हळूच विचारलं.

"साठ. एकेक पंचवीस किलोचं."

म्हणजे दीड टन. तिने लॅपटॉप बटाट्यांच्या सालींशेजारी उघडला, पंधराच्या जागी साडेसोळा भरले आणि पडद्याकडे बघत राहिली.

"अकरा," ती म्हणाली. मग हसू की रागावू, हे न कळून तिने बायकोने पुढे केलेल्या चहाचा मोठा घोट घेतला. "काका, तुम्ही? दुसऱ्या कुणी केलं असतं तर एक वेळ समजलं असतं."

वीस वर्षांत त्याच्या ट्रकच्या वजनावर कुणी बोट ठेवलं नव्हतं.

"साहेबांना सांगावं लागेल. ते तुम्हाला काढतीलसुद्धा."

"लाव फोन. मीच सांगतो."

तिने फोन लावून त्याच्या हातात दिला. बायकोने गॅस बंद केला.

"साहेब, काल ट्रकमध्ये दीड टन जास्त होतं. चूक माझी. पूल बंद करू नका, चाचणी परत घ्या. फक्त तेवढ्या चाचणीला ट्रक मला चालवू द्या."