मऊ नाकाची गोळी

भेकर भुंकलं. कुजक्या पानांचा ओला वास दाटलेल्या त्या रानात, नोव्हेंबरचा कृपण उजेड झाडांच्या बुंध्यांवरून हळूहळू उतरत असताना ते एकदा भुंकलं, थांबलं आणि पुन्हा भुंकलं. कोरडा, खरखरीत, घशातून ओढून काढल्यासारखा आवाज. नवख्या माणसाला वाटावं, कुणाचं तरी कुत्रं सुटलंय. मी मात्र जागच्या जागी थबकले, कारण हा आवाज ऐकतच मी लहानाची मोठी झाले. माझे वडील राधानगरीकडे वनखात्यात होते. संध्याकाळी दरीतून भेकराचं भुंकणं आलं की हातातला चहाचा कप खाली ठेवून ते म्हणायचे, "बिबट्या फिरतोय." मग आम्हा भावंडांची अंगणातून घरात रवानगी व्हायची.

पण इथे इंग्लंडात, वॉटफर्डपासून गाडीने अर्ध्या तासावरच्या या रानात बिबट्या कुठला? लांडगासुद्धा इथून कधीच नाहीसा झाला. मग हे भेकर कुणाला पाहून एवढं ओरडतं? हा प्रश्न मला बरीच वर्षं पडत असे.

आमच्याकडच्या भेकराचा हा चिनी चुलतभाऊ. कुणा उमरावाने हौसेने आणून बागेत सोडला आणि कुंपणातून निसटून देशभर पसरला. रानाची मालकीण मार्गरेट, सत्तरी ओलांडलेली, एकटी राहणारी बाई. वसंतात तिच्या झाडांखाली ब्लूबेलच्या फुलांचं निळं तळं साचायचं, ते या भेकरांनी खाऊन फस्त केलं. इथे बिबट्याचं काम माणसालाच करावं लागतं. मी शाळेत फिजिक्स शिकवते, कॉलेजात असताना एनसीसीच्या नेमबाजीत होते, रायफलचा रीतसर परवाना माझ्याकडे आहे; म्हणून मार्गरेटने ते मला सांगितलं. आमच्या इथल्या मराठी मंडळातल्या बायका यावर "शी, कसं गं करवतं तुला!" म्हणतात आणि चिकनची दुसरी वाढणी घेतात. त्यांना काय बोलावं? कोंबडी जणू दुकानाच्या फडताळातच जन्मते!

मारणं सोपं नाही, आणि ते सोपं असूही नये. पण मारायचंच असेल तर कशाने मारायचं, हा प्रश्न मला नेमाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक पवित्र वाटतो. हरणासाठी गोळी घ्यायची ती मऊ नाकाची. तिच्या टोकाशी उघडं शिसं असतं, कवच पातळ असतं. अंगात शिरताच ती फुलते, आपलं सारं बळ तिथेच ओतते आणि जनावर आवाज ऐकण्याआधीच कोसळतं. जखम भयंकर दिसते खरी. अशी गोळी इंग्रजांनी आपल्याच दमदमच्या कारखान्यात घडवली होती, आणि पुढे युद्धात माणसावर ती झाडणं निषिद्ध ठरलं. माणसावर जे क्रौर्य म्हणून वर्ज्य, तेच हरणासाठी इथला कायदा दया म्हणून सक्तीचं करतो! मला आधी हा निव्वळ दांभिकपणा वाटला होता. मग उमगलं: जखमी सैनिकाला उचलायला कुणीतरी येतं, त्याच्यासाठी तंबू असतो, डॉक्टर असतो. जखमी भेकराला उचलायला कोण येणार?

एवढी साधी गोष्ट श्रीकांतभाऊजींना कळू नये? भाऊजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे मित्र, मूळचे पुण्याचे, स्टॅनमोरला राहणारे, फायनान्समधले. परवाना नुकताच हाती आलेला, उत्साह उतू चाललेला. डिसेंबरच्या गेट-टुगेदरला सगळ्यांना 'घरच्या शिकारीचा' तांबडा रस्सा खिलवायचं त्यांनी आधीच जाहीर करून टाकलं होतं. बाजारात तुरी म्हणतात त्यातली गत! बंदुकीच्या दुकानात मी त्यांना माझ्या वापरातली गोळी दाखवली. त्यांनी निवडली दुसरीच: नाकाला नावापुरतं शिसं, पण कवच चांगलं जाड. ती थोराड रानडुकरासाठी, घोड्याएवढ्या सांबरासाठी. दुकानदाराने सांगून पाहिलं, मी सांगून पाहिलं. भेकर ते केवढं, बकरीच्या करडाहून थोडं मोठं. त्याच्या अंगात ही गोळी फुलायची कधी? सुईसारखी आरपार जाईल.

"एक्झॅक्टली, वहिनी!" भाऊजी खुशीत म्हणाले. "आरपार गेली की मीट डॅमेज होत नाही. तुमच्या बुलेटने अख्खा शोल्डर वेस्ट जातो. आपल्यात अन्न वाया घालवत नाहीत."

अन्न वाया घालवू नये, हा संस्कार माझ्याही आईने मला दिला. पण तो पानातल्या घासाचा संस्कार आहे. धावत्या जिवावर तो लावायचा नसतो, हे कुणी वेगळं शिकवावं लागतं का? मी हट्टच धरला तेव्हा ते म्हणाले, "अहो, नॉन-नेटिव्ह पेस्ट आहे ते. ऑफिशियली इथलं नाहीच. त्याचं एवढं काय?" हे म्हणणारा माणूस कोण, तर कायमच्या वास्तव्याचे नियम मध्येच बदलले म्हणून दर रविवारी आमच्या सोफ्यावर बसून सरकारच्या नावाने बोटं मोडणारा! मी रागाने पाहत राहिले. अखेर हो-ना करत त्यांनी माझी मऊ गोळी घेतली. मला वाटलं, विषय मिटला.

त्या नोव्हेंबरच्या संध्याकाळी भाऊजी माझ्यासोबत रानात होते; सुरुवातीला सांगितलं ते भुंकणं तेव्हाचंच. थोड्या वेळाने पायवाटेवर एक मादी आली, आडवी उभी राहिली. नेम भाऊजींचा होता आणि तो चुकला नाही, हे मी आजही सांगेन. मादीने उडी घेतली, पाठ वाकवली आणि काटेरी जाळीत घुसली.

"मिस झाली बहुतेक. चला वहिनी, लाईट जातोय, ट्रॅफिक लागेल."

मी वाटेवर गुडघे टेकून बसले. पानांवर रक्त होतं, अगदी थोडं. मी त्यांची रायफल उघडायला लावली. आत जाड कवचाची गोळी. दुकानात माझी पाठ वळताच त्यांनी तीही पेटी घेतली होती! अंधार पडेपर्यंत मी त्या जाळीत हात ओरबाडून घेतले. भाऊजी वाटेवर उभे राहून घड्याळ पाहत होते.

सकाळी मार्गरेटच्या म्हाताऱ्या स्पॅनियल कुत्र्याने त्या मादीला शोधलं. ती जिवंत होती. रात्रभर, त्या गारठ्यात, पोटाशी पाय घेऊन ती जिवंत होती आणि माझ्याकडे पाहत होती. मी माझी गोळी भरली. पुढचं काम एका क्षणाचं होतं, जे आदल्या संध्याकाळीच व्हायला हवं होतं. कुशीवरचं भाऊजींच्या गोळीचं छिद्र इतकं सुबक, इतकं नीटनेटकं, की पेन्सिलीने पाडावं. खांदा शाबूत, मांडी शाबूत. आणि रात्रभर तापाने फणफणलेलं ते सारं मांस खाण्याच्या लायकीचं उरलं नव्हतं. मार्गरेटने फावडं आणलं, आम्ही दोघींनी खड्डा खणला. ती एवढंच म्हणाली, "पुअर लिटल थिंग." ज्या जनावराने तिची सगळी फुलं खाल्ली, त्याच्यासाठी तिच्यापाशी तेवढे तीन शब्द होते!

दुपारी भाऊजींचा फोन आला. सापडली म्हटल्यावर पहिला प्रश्न: "मग मीट ठीक आहे ना?"

मी म्हटलं, "भाऊजी, ज्याला आधी मटण आठवतं त्यानं खाटकाकडे जावं. रानात येऊ नये. निदान माझ्यासोबत तरी नाही."

गेट-टुगेदरला चिकनचा रस्सा झाला. भाऊजींनी आपली गोष्ट रंगवून सांगितली: भेकर कसं समोर आलं, कसं थोडक्यात मिस झालं. लोक हसले. मी वाढत होते, पळी पातेल्यात ठेवून म्हटलं, "मिस नाही झाली. लागली होती. सकाळपर्यंत जिवंत होती." मग कुणीतरी भात मागितला.

आता मी एकटीच जाते. काल पुन्हा गेले होते. मार्गरेटच्या झाडांखाली यंदाच्या वसंतात इथे-तिथे थोडी निळाई उमटली आहे. तिन्हीसांजेला पलीकडच्या उतारावरून भेकर भुंकलं. तोच कोरडा, ओढून काढलेला आवाज. पूर्वी मला प्रश्न पडे, बिबट्या नसलेल्या रानात हे कुणाला पाहून ओरडतं? आता पडत नाही. त्याने मला पाहिलं होतं.

वडील सांगायचे, बिबट्या एकदा नरडं धरतो ते जीव जाईपर्यंत सोडत नाही. लहानपणी ते ऐकून अंगावर काटा यायचा. काल मी खिशातली मऊ नाकाची गोळी चाचपली आणि मनात म्हटलं, एवढं तरी मला जमू दे.