नरांचं पोतं

चहाचा कप आधी खाली ठेवा, नाहीतर सांडाल. खोलीभर उंदरांच्या माद्यांना गार वाटावं म्हणून मी कूलर लावला अन् स्वतःचं वाटोळं करून घेतलं, ते सांगतो.

सत्तरच्या दशकातलं नागपूर. मी प्राणिशास्त्रात संशोधन करत होतो. शिष्यवृत्ती वाढली नाही, तर परत गावी कुहीला, वडिलांच्या मागे धानाच्या बांधीत! सगळी भिस्त एका प्रयोगावर होती. नराचा वासही पोचणार नाही अशा खोलीत माद्या एकत्र ठेवल्या, की त्यांचा माज थांबतो. मग नराच्या मुताचा वास दिला, की बहुतेक सगळ्या एकदम माजावर येतात. त्यासाठी माझ्या मार्गदर्शक सरांनी नरांच्या पिंजऱ्यातली लाकडाची सालपटं पोत्यात जपून ठेवली होती.

एप्रिलात खोलीची भट्टी झाली. कूलरच्या ताटीत, म्हणजे पाणी झिरपतं त्या जाळीत, भरायला मला सालपटंच हवी होती.

"गच्चीवर पोतं हाये ना गा," आमचे शिपाई नामदेवभाऊ म्हणाले.

गच्चीवर पोती होती दोन. मी जवळचं उचललं. वास नाही आला का म्हणता? अहो, उंदरांत वर्ष काढल्यावर नाक कुठं उरतं?

दोन-तीन दिवसांत माद्या माजावर! मी धावत सरांकडे. "सर, नराशिवाय! नुसत्या गार हवेनं!"

सर हरखले. त्यांनी विभागप्रमुख बाईंनाच बोलावलं. बाई कूलरसमोर ऐसपैस बसल्या. मी गार हवा अन् संप्रेरकं यांवर भाषण ठोकलं.

"छान," बाई म्हणाल्या. "आता नराचा वास देऊन पाहू."

नामदेवभाऊंनी नरांचं पोतं आणलं. आत कोरी, पांढरी सालपटं. सरांनी ती हुंगली. मग कूलर हुंगला.

"काहून गा, याच्यात काय भरलं तू?"

बाईंनी खुर्ची मागे सरकवली. मग म्हणाल्या, "वासानं काम मात्र चोख केलं. द्या याला आणखी एक वर्ष."

"देतो ना," सर म्हणाले. "पण पहिल्यापासून करायचं. कूलर बंद, खिडक्या बंद."

अन् लागला मे! मी बनियनवर, घामानं निथळत माद्या तपासून राहिलो होतो. सर दारातच थांबले, नाकाला रुमाल लावून म्हणाले,

"खोलीत नराचा वास नको म्हटलं होतं ना तुले?"