आसुंता आणि पाचवा थर

तोर्रेसेकात आसुंताला ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही. गावातल्या प्रत्येकाने लहानपणी शाळेत तिच्या हातचं खाल्लंय, आणि ताटात पालक टाकला म्हणून तिची बोलणीही खाल्लीत. ती आमच्या शाळेची स्वयंपाकीण आणि मी, क्लोतिल्दा, तिथलीच कारकून. आमच्या दोघींच्या मध्ये एक भिंत आहे, पण आसुंताच्या आवाजापुढे भिंतीचं काय चालतंय.

बाई बुटकी, आडवी, आणि दंड असे की भाताची भली मोठी कढई एकटी उतरवते. या दंडांना गावात आणखी एक काम आहे. सणाला चौकात माणसांचा मनोरा उभा राहतो तेव्हा आसुंता पायथ्याला असते, अगदी आतल्या रांगेत. टाळ्या वरच्या थरांना मिळतात. पायथ्याला आम्ही शेकडाभर माणसं एकमेकांच्या पाठीला छाती भिडवून, हात वर करून, मान खाली घालून उभे. वर बघायला सक्त मनाई, कारण वरून कुणी आलं तर मान जायची. त्यामुळे वर काय चाललंय ते आम्हाला फक्त ग्राला सांगते. ग्राला म्हणजे आमची पिपाणी. एका बाजूने चढलेल्या पोराने शेंडा ओलांडून पलीकडे जाताना हात उंचावला की तिची धून बदलते, मग आम्हाला कळतं की मनोरा पुरा चढला, आता नीट उतरवायचा. आणि ती ग्राला वाजवतो आसुंताचा नवरा ब्लाय. चौकात तरी ही बाई नवऱ्याचं ऐकते, असं गाव म्हणतं.

या वसंतात आमच्याकडे एउदाल्द नावाचे नवे सर आले. पोरगेलेसे, उत्साह नुसता उतू जात असलेला. वरून फर्मान आलं होतं की वर्षअखेरीस प्रत्येक वर्गाने एक प्रकल्प करायचा, विषय चिवटपणा. सरांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘पडल्यावर पुन्हा उभं कसं राहायचं?’ वर्ग बघत बसला. मग मागच्या बाकावरून सिराने विचारलं, "सर, पण पडायचं कुठून?"

झालं. अर्ध्या तासात ठरलं की वर्गाने स्वतःचा मनोरा रचायचा, पाच थरांचा, आणि जूनच्या स्नेहसंमेलनात चौकात उभा करायचा. शेंड्यावर अर्थातच सिरा. नऊ वर्षांची, काडीसारखी, शाळेतलं एक झाड तिने सोडलं नव्हतं.

आसुंता पदराला हात पुसावेत तशी एप्रनला हात पुसत वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली. "सर, पोरं जातील हो वर. पायथा कोण देणार? तुमचा तो रंगीत पुठ्ठा?"

सर म्हणाले, "मावशी, म्हणून तर तुमच्याकडेच येणार होतो."

"येणार होतो म्हणे. मीच आले ना शेवटी."

मग काय विचारता. दुसऱ्या दिवसापासून ही बाई सकाळी पावाच्या दुकानाच्या दाराशी उभी. "शनिवारी सरावाला येणार ना? नाही? बरं, तुझ्या लेकाच्या ताटात आता रोज पालक." औषधवाला आला, टपालवाला आला, एकमेकांशी बोलत नसलेले दोघे सख्खे भाऊ आले आणि एकमेकांच्या पाठीला छाती लावून उभे राहिले. मलाही नेहमीसारखं ओढलं. माझा गुडघा दुखतो म्हणाले तर म्हणते, "पायथ्याला गुडघा नाही, पाठ लागते."

राहिली सिराची आई. ग्रिसेल्दा शहरातल्या इस्पितळात परिचारिका आहे, तीही हाडांच्या विभागात. घरात या मायलेकी दोघीच. आसुंता तिच्याकडे बदामाचा केक घेऊन गेली आणि परवानगी घेऊन आली. काय बोलली ते सांगितलं नाही.

मे महिन्यातल्या सरावात मनोरा कोसळला. दोष कुणाचाच नव्हता. दुसऱ्या थरावर उभी असलेली, सिराच्याच वर्गातली बेर्ता शिंकली. एक शिंक, आणि पोरंच पोरं आमच्या डोक्यांवर. सगळी आमच्या खांद्यांवर, हातांवर अलगद झेलली गेली, पोरांपैकी कुणाला खरचटलंसुद्धा नाही. सिरा आसुंताच्या पाठीवर आदळली. उठली, कपडे झटकले, हसलीही. पण त्यानंतर तिने चढणं सोडलं. झाडांकडे बघेना. जेवणाच्या सुट्टीत ताट तसंच परत येऊ लागलं, आणि आसुंताच्या स्वयंपाकघरात याहून मोठा अपमान नाही.

सरांनी फार समजावलं. पुठ्ठ्यावर पायऱ्या काढल्या, पहिली पायरी भीती ओळखा, दुसरी पायरी असंच काहीतरी. सिरा मान डोलवायची आणि भिंतीला टेकून बसायची. पुढच्या सरावाला आसुंताने तिचा हात धरला आणि तिला सरळ पायथ्यात आणून स्वतःच्या पुढ्यात उभं केलं. "वर जायचं नाही ना? नको जाऊस. इथे उभी राहा, पुढच्याला दाब."

पोर आमच्यात उभी राहिली. नाक बेर्ताच्या बापाच्या घामेजल्या सदऱ्यात, कानाशी माझी कुरकुर, आजूबाजूला लसणाचा वास. वर दुसरी पोरं चढत होती. मग खालून आवाज आला, "मावशी, मी पडले तेव्हा तुला लागलं?"

"लागलं तर. बटाट्याचं पोतं पडावं तशी पडलीस. दुसऱ्या दिवशी भात ढवळता येईना."

"मग तू परत का उभी राहिलीस?"

"मग? तुला जमिनीवर पडू देऊ?"

सिराने पाय रोवले आणि दाबलं. त्याच्या पुढच्या सरावालाही ती आमच्यात उभी राहिली, आणि त्याच्या पुढच्या सरावाला तिने काळा, लांबलचक कापडी कंबरपट्टा घेतला, एक टोक माझ्या हातात दिलं आणि गिरक्या घेत घेत कमरेला गुंडाळला. हा पट्टा वर चढणारी माणसंच एवढा आवळून बांधतात, कारण वर जाताना पाय त्याच्यावर ठेवायचे असतात. माझ्या हातातलं टोक मी घट्ट धरून ठेवलं. डोळ्यांत पाणी आलं होतं, कांद्याचा वास येतोय म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ग्रिसेल्दा स्वयंपाकघरात आली. मी भिंतीला कान लावला, खोटं कशाला बोलू.

"ती परत चढते म्हणतेय," ग्रिसेल्दा म्हणाली.

"मी सांगितलं नाही तिला."

"माहीत आहे. म्हणून तर नाही म्हणता येत नाही मला. तुझ्या शब्दावर सोडते, आसुंता. पण मी बघायला येणार नाही. मोडलेली हाडं मी रोज बघते. आणि पोरीला काही झालं तर मी तुझं तोंड बघणार नाही."

"काही होणार नाही. शब्द दिला."

ती गेल्यावर आसुंता माझ्या खोलीत येऊन बसली. आवाज इतका खाली की भिंतीपलीकडे गेला नसता. "क्लोतिल्दा, शब्द दिला बाई मी. आणि परत कुणी शिंकलं तर?"

"मग दिलास कशाला?"

"पोर जेवायला लागली ना."

संमेलनाच्या रविवारी चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. बाल्कन्या भरलेल्या, ऊन मी म्हणत होतं. आम्ही पायथा आवळला. मी आसुंताच्या डाव्या हाताला, आमच्या मागे रांगांवर रांगा. आसुंताचे दोन्ही तळवे वर बेर्ताच्या मांड्यांना भिडलेले, म्हणजे वरचं सगळं वजन तिच्या हातांत उतरत होतं. बेर्ताला सकाळपासून तिच्या आईने तीनदा नाक शिंकरायला लावलं होतं.

ग्राला सुरू झाली. तिसरा थर गेला. शेंड्याखाली ओणवी बसणारी पोर गेली. मग माझ्या खांद्यावर एक हलका पाय पडला आणि उठला. सिरा.

"मागे कोण आहे?" आसुंता दात आवळून म्हणाली. "हात थरथरतायत तुझे. थरथरू नकोस, दाब."

मागून नुसता दाब वाढला.

आता वर काय झालं ते मी स्वतः पाहिलेलं नाही, पण त्यानंतर आठवडाभर गावाने मला तेवढंच सांगितलं. सिरा शेंड्याच्या एक पाऊल खाली होती आणि तिचं शिरस्त्राण घसरून डोळ्यांवर आलं. ते मागे ढकलायला तिने हात वर केला. ब्लाय आधीच घाबरलेला, नजर तिच्यावर खिळलेली. हात दिसला मात्र, गड्याने विजयाची धून फुंकली.

खाली आमच्यात एकदम सुस्कारे. बेर्ताचा बाप म्हणाला, "झालं बुवा." माझं कोपर सैल पडलं.

"कुणी हलायचं नाही," आसुंता ओरडली. "पोर अजून अलीकडेच आहे."

"अगं, धून वाजली की," मी म्हटलं.

"वाजू दे. वजन हललेलं नाही. ब्लाय चुकलाय. आवळा सगळे."

आणि खरंच, धून अर्ध्यातच अडखळली आणि बंद पडली. चौक चिडीचूप. असं आमच्याकडे कधी होत नाही. मनोरा उभा आणि ग्राला मुकी. आम्ही शेकडाभर माणसं मान खाली घालून उभे, आणि वरचं सांगणारं कुणी नाही. बेर्ताचे पाय लटलटायला लागले. माझ्या कानाशी आसुंताचा श्वास भात्यासारखा चालला होता.

"उतरव तिला," बेर्ताचा बाप म्हणाला.

"तिचं ती ठरवेल. आपण उभं राहायचं," आसुंता म्हणाली. मग हळू आवाजात, आम्हाला नाही, वरच्या पोरीला म्हणाली, "आहे गं मी. आहोत सगळे. तुला हवं ते कर."

वर सिरा थांबली होती. बाल्कन्यांतून अर्धे ओरडत होते उतर, अर्धे ओरडत होते चढ. सर सांगतात की तिने खाली बघितलं. चेहरा एकही दिसत नव्हता, नुसत्या पाठी आणि हात, गोलच्या गोल. मग तिने शिरस्त्राणाचा पट्टा नीट केला आणि पाय उचलला.

"हललं," आसुंता म्हणाली. तिचा आवाज फाटला. "हललं वजन. चढली. गेली पलीकडे."

चौक फुटल्यासारखा गरजला. ब्लायच्या तोंडाला इतकी कोरड पडली होती की ग्रालातून नुसती हवा निघाली, पण आता तिची कुणाला गरज होती. तरी काम संपलं नव्हतं. उतरणं चढण्याइतकंच कठीण. एकेक पाय पाठीवरून, खांद्यावरून खाली आला. शेवटी बेर्ताची मांडी आसुंताच्या हातांतून सुटली, आणि ब्लायने, ओठ ओले करून, शेवटची धून अशी वाजवली की पार स्मशानापर्यंत ऐकू गेली असेल.

पायथा सैलावला. लोक मिठ्या मारायला लागले. ते दोघे भाऊ एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होते. सर कुणालाही धरून नाचत होते. पण आसुंताला वळताच येईना. मागचे हात तिच्या पाठीला अजून तसेच रुतलेले.

"अगं सोड आता," आसुंता म्हणाली. "संपलं."

"उतरली का?" मागून आवाज आला. "नक्की उतरली? मघाशीही वाजलंच होतं."

ग्रिसेल्दा होती. डोळे गच्च मिटलेले, तोंड आसुंताच्या पाठीत खुपसलेलं. घरी बसवेना, बघवेना, म्हणून चौकात जिथून काहीच दिसत नाही त्या एकाच जागी येऊन उभी राहिली होती.

"उतरली गं, देवाशपथ," मी म्हटलं. बेर्ताच्या बापानेही तेच सांगितलं, आसुंताने तर तीनदा. ग्रिसेल्दा ढिम्म. पिपाणीवर तिचा विश्वास उरला नव्हता, आणि आमच्यावर कशाला ठेवेल.

मग माणसांच्या पायांतून वाट काढत सिरा आली. केस घामाने चिकटलेले, पट्टा सुटून मागे लोंबतोय. तिने आईचा एक हात आसुंताच्या पाठीवरून सोडवला आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "आई, मी खाली आहे. हे बघ."

ग्रिसेल्दाने डोळे उघडले. आणि इतका वेळ पहाडासारख्या उभ्या असलेल्या त्या बाईच्या पायांतलं बळच गेलं, ती होती तिथे खाली बसायला लागली. पण आसुंता वळली होती, मी होते, दोघे भाऊ होते, पायथा अजून पांगला नव्हता. तिचा गुडघासुद्धा जमिनीला लागला नाही.