चार बोटांना बसेल असा कॅमेरा

सकाळी नऊला आम्ही घोडपदेव सोडलं. आम्ही म्हणजे मी आणि माझी बायको इंदू. काम एकच, कॅमेरा घेणे. लोक काशीला जाऊन येतात आणि लिहितात. आम्ही ठाकूरद्वारला जाऊन आलो, पायपीट काही कमी झाली नाही, म्हणून मीही लिहितो.

माझ्या उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट गिरणीत साच्यानं (कापड विणायच्या यंत्रानं) खाल्लं. तेव्हापासून कुणी फोटो काढायला लागलं की तो हात खिशात जातो. इंदू म्हणते, वरातीत रुसलेला जावई उभा राहतो तसे दिसता. एकदा चिडून बोलून गेलो, तुझा फोटो मी माझ्या हातानं काढून दाखवीन. मोबाइल मला जुमानत नाही. घट्टे पडलेली बोटं त्या काचेला कळतच नाहीत. म्हणून बटणाचा कॅमेरा. पैज लागली. दिवस मावळायच्या आत तिचा धड फोटो निघाला नाही तर मी उजवा हात बाहेर ठेवून फोटोला उभं राहायचं.

लालबागला इंदूनं मसाल्याच्या गल्लीत मिरच्या हुंगण्यात तास घालवला. घरात डबा भरून मसाला असताना. दिवस मावळेपर्यंत रेंगाळायचं, ही तिची चाल मला तिथंच कळली.

दादरला मोठं दुकान, आत गारठा. विकणाऱ्या पोरीनं हातभर नळीचा कॅमेरा पुढे केला.

"काका, यातून चंद्रावरचे खड्डेसुद्धा दिसतात."

"चंद्रावर आमचं कोण राहतं?" मी विचारलं.

सवयीनं मी तो उलटा करून बघितला. आमच्या साळखात्यात (विणाईच्या खात्यात) कापडाचं ठाण हातात आलं की आधी उलट्या बाजूनं बघायचं. खोट तिथंच सापडते. पोरीचा जीव वरखाली झाला आणि इंदू तिच्यादेखत म्हणाली, "ह्या काय लुगडा हा, उलटा करून बघूक?" (हे काय लुगडं आहे, उलटं करून बघायला?)

तिथले सगळे कॅमेरे बघितले. बटण प्रत्येकाचं उजवीकडे, नेमकं माझं बोट नाही तिथं. मधल्या बोटानं दाबायला जावं तर कॅमेरा हातात डुलायचा, फोटोत इंदूच्या दोन इंदू. मला एकच झेपत नाही.

बस पकडून ठाकूरद्वारला उतरलो. एका वाडीच्या तोंडाशी थालीपीठ खाल्लं. लोणी छान होतं, पण इंदू मुद्दाम बत्तीस वेळा चावत होती. शेजारीच पीटर नावाच्या म्हाताऱ्याचं कॅमेरे दुरुस्त करायचं दुकान, जुने विकायलाही ठेवलेले. दिवसभरात कुणी विचारलं नव्हतं ते त्यानं विचारलं.

"फोटो कोणाचा काढायचा?"

"हिचा."

"मग हत्तीएवढा कशाला पाहिजे? हा घे." त्यानं साबणाच्या वडीएवढा कॅमेरा माझ्या हातावर ठेवला.

बटण पुन्हा उजवीकडे. बाहेर ऊन भिंतीवर चढलेलं. इंदू पायरीवर बसून गालात हसत होती. हात आपोआप चालले, कॅमेरा उलटा झाला. आणि बटण आलं डाव्या हाताच्या अंगठ्याखाली! उजव्या हातानं नुसता आधार दिला. काचेत इंदू सरळ दिसत होती. मला उलटा कॅमेरा धरलेला बघून ती तोंडाला पदर न लावता खदखदून हसली. तेव्हाच बटण दाबलं.

कॅमेरा सरळ करून बघितलं तर बाई डोक्यावर उभी. पीटर म्हणाला, कागदावर काढला की कागद फिरवायचा, त्यात काय? त्यानं तिथंच काढून दिला. उन्हात हसणारी इंदू, अगदी स्पष्ट. एवढ्या वर्षांत तिचे दात दिसलेला हा पहिला फोटो. पैज जिंकलो.

"जिंकलात," ती म्हणाली. "ठेवा हात खिशात. आता मी काढते." आणि तिनंही कॅमेरा उलटा धरला. धडधाकट दहा बोटांची बाई!

"अगं, तू कशाला उलटा धरतेस? असा धर, असा," म्हणून मी हातवारे करून दाखवायला लागलो, तेवढ्यात खट् वाजलं.

दोन्ही फोटो आता घरी भिंतीवर आहेत. तिच्या फोटोत दात, माझ्या फोटोत चार बोटं, पुढं केलेली. येणारा-जाणारा विचारतो, कॅमेरा कुठला चांगला? मी सांगतो, दुकानात आधी उलटा करून बघा. आणि बायकोच्या हातात देऊ नका.