कॅमेऱ्यातली निळी-तांबडी घरं

त्या गुरुवारी आम्ही धसईला एका बंगल्याची ओल तपासत होतो. चहा झाला होता. अशोक स्टुलावर चढला होता आणि मालक अजून किती वेळ लागेल ते विचारत होते. तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. शहापूरहून भाच्याचा फोन. ताई पाण्याची मोटर लावायला गेली आणि बोर्डाने पेट घेतला. दवाखान्यात नेईपर्यंत ती गेली होती.

याला बरीच वर्षं झाली. मित्र जमले की अजून म्हणतात, "तुझ्या त्या कॅमेऱ्याचा एखादा किस्सा सांग." दुसऱ्यांच्या घरात शिरून भिंती बघत फिरणाऱ्याकडे किस्से साचतातच, घरमालक ते चहाबरोबर देतात. मी सांगतो. ताईच्या घरचा मात्र कधी सांगितला नाही.

अशोक माझा भागीदार. मुरबाडच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन होता. कारखाना बंद पडला तेव्हा तिथला जुना थर्मल कॅमेरा त्याने विकत घेतला. गरम ते तांबडं, थंड ते निळं, एवढंच त्या यंत्राला कळे. शहरातले लोक तेव्हा आमच्या भागात घरं घ्यायला लागले होते. घेण्याआधी ती आम्ही तपासून द्यायचो. मी बांधकाम बघायचो, तो वायरिंग.

*

पहिल्याच घरात स्वयंपाकघराची भिंत खालून निळीशार दिसली. "पाइप फुटलाय," अशोक म्हणाला. गिलावा फोडला. आत कोरडी वीट.

पलीकडच्या पडवीतून म्हातारी आली. तिथे त्याच भिंतीला टेकून तिचा पाण्याचा रांजण होता.

"रांजण गार आहे ते बघायला भित फोडलीस व्हय रे? हात लावून बघायचा व्हता."

*

मुरबाडच्या अलीकडे एका फार्महाउसची गच्ची गळत होती. भर दुपारी कॅमेऱ्यात सगळी गच्ची सारखीच तांबडी. कंत्राटदार खूश. "बघा साहेब, कुठं ओल नाय."

"ऊन उतरू दे," अशोक म्हणाला.

संध्याकाळी गच्ची निवली, एक कोपरा मात्र तांबडाच राहिला. पाणी मुरलेली जागा उशिरा निवते. तिथे फोडलं तर खाली चिखल.

कंत्राटदाराने कॅमेऱ्यातून बघून तो परत दिला. "दुपारी आमचा व्हता," तो म्हणाला, "संध्याकाळी तुमचा झाला."

*

एका घरात ओट्यामागे चकचकीत स्टीलचा पत्रा होता. घर घेणारे गृहस्थ डोंबिवलीचे. त्यांनी कॅमेऱ्यात डोकावलं आणि दोन पावलं मागे सरले. पत्र्याच्या आत तांबडा माणूस उभा.

अशोकने हात वर केला. माणसानेही केला.

"मीच आहे," अशोक म्हणाला. "पत्रा माझीच ऊब परत फेकतोय."

"अहो, पण मग खरं काय आणि खोटं काय, ते या यंत्राला कळतं का?"

"नाही. ते आपल्याला कळावं लागतं."

*

डोळखांबच्या बाजूला एक घर विकायचं होतं. अशोकने आल्या आल्या मोटर, मिक्सर, इस्त्री, पंखे सगळं एकदम चालू केलं.

"लग्नघर हाय का हे?" मालक म्हणाले.

"वायरीला काम दिल्याशिवाय तिचा ताप दिसत नाही."

दहा मिनिटांनी कॅलेंडरशेजारचा लोखंडी बोर्ड कॅमेऱ्यात तांबड्याच्याही पुढे जाऊन पांढरा पडला. मालकीणबाई त्याच बोर्डावरचं बटण बंद करायला निघाल्या होत्या. अशोकने त्यांना मागे ओढलं आणि कोरड्या काठीने मेन स्विच पाडला. आत वायरीचं रबर वितळून तांबं पेटीला टेकायला आलं होतं.

मालकांनी कॅलेंडर खिळ्यावरून उतरवलं. "रोज तिथंच तारीख बघतो आमी," ते म्हणाले.

*

पुढच्या आठवड्यात ताईचा फोन आला. मोटर लावली की बोर्डापाशी जळका वास येतो म्हणाली. आम्ही दुपारी गेलो. लोडशेडिंग होतं, लाइट सहाला येणार होती. अशोकने कॅमेरा धरला. बोर्ड पूर्ण निळा.

"निळा म्हंजे बरा ना रे?" ताईने विचारलं.

"आत्ता सगळं थंडच दिसणार, ताई," अशोक म्हणाला. "लाइट आल्यावर मोटर लावून बघायला हवं."

"मग थांबा की. पिठलं टाकते."

पाचला मुरबाडला एक गिऱ्हाईक थांबलं होतं. मी म्हणालो, "रविवारी येतो. तोवर मोटर लावू नकोस."

"आणि पाणी काय तू येऊन भरणार हायस?" ती हसली आणि आम्हाला फाटकापर्यंत सोडायला आली.

रविवारी मुरबाडचंच काम वाढलं. गुरुवारी आम्ही धसईला होतो.

ताईने थांबा म्हटलं त्या दुपारी तिच्याकडे लाइट नव्हती, बोर्ड उघडून डोळ्यांनी बघायला धोका नव्हता आणि अशोकच्या खिशात पेचकस होता. बोर्डाचे चार स्क्रू आम्ही काढले नाहीत.